ठुमकी घरात येईना

वाती वळायचं काम अर्ध्यावर होतं. मांडीवर कापसाचं तबक, बोटांना विभूती, आणि पलीकडून हाक आली, "ठुमके! ये वो माय, ये!" कुंपणाच्या भिंतीवर बसलेली मांजर दचकली आणि सरळ आमच्या पेरूच्या झाडावर चढली. मी तबक बाजूला ठेवून बाहेर गेले.

इथं कोहका वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून गुलाबराव राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये झाली. तिथल्या खडखडाटात जो आवाज काढावा लागे, तोच ते रिटायर होताना घरी घेऊन आले. ते "चहा टाक" म्हणाले की गल्लीतली एखादी सूनबाई उगाच पातेलं चढवते. माणूस मात्र गुळाचा.

ठुमकी त्यांच्या बायकोच्या, शेवंताताईंच्या जिवाची. लेकीच्या बाळंतपणाला गोंदियाला जाताना ताई बजावून गेल्या होत्या, "माही ठुमकी घर सोडून गेली, तर मी बी परत गोंदियालेच जाईन." आज संध्याकाळी ताई येणार होत्या, आणि ठुमकी परवापासून उंबरा ओलांडून आत येत नव्हती.

"वैनी, मी काय मारलं का तिले?" भाऊजी रडकुंडीला आले होते. "उलट तिच्यासाठी सारं चकाचक केलं!"

चकाचक म्हणजे तिचं निजायचं गोणपाट फिनेलमध्ये बुचकळून दोरीवर टांगलेलं. शिवाय बिनआंघोळीची सैपाकघरात फिरते म्हणून तिला साबण लावून न्हाऊ घातलेलं.

"अभिषेक देवाले करा भाऊजी. मांजरीले कावून?"

"बरं, चुकलं. पण आता तर संत्रं सोलून राहिलो ना तिच्यासाठी. नागपूरचं हाय!" त्यांनी फोडीसकट हात वर केला. ठुमकीनं नाक आक्रसून मान फिरवली. भाऊजींना तो साऱ्या विदर्भाचा अपमान वाटला.

तसा अपमान माझाही झालेला आहे. मी धूप लावला की ही शेपटी ताठ करून घराबाहेर. मला वाटे, या बाईला देवधर्म नाही. मग दिसलं की लिंबू चिरलं तरी जाते, फरशीला फिनेल लागलं तरी जाते. उग्र वासच सोसत नाही, देवाशी तिचं वैर नाही. हनुवटीखाली खाजवलं तर डोळे मिटते, पोटाला हात लावला तर नखं काढते. आणि आमच्या घरात ती कुणाजवळ जाते? आमच्या ह्यांच्याजवळ, ज्यांना मांजर अजिबात आवडत नाही! हे तिच्याकडे बघत नाहीत, बोलावत नाहीत. ही जाऊन त्यांच्या उघड्या पेपरवर बसते.

"हात धुवा," मी म्हटलं. "तिच्याकडं टक लावून पाहू नका. आन् तोंडातून शब्द नाही काढायचा."

"मंग बोलावू कसं?"

"बोलवायचंच नाही. मिलमध्ये मशिनी चालू असताना काय बोलत होते तुमी?"

"तिथं कोन बोलते? सारं इशाऱ्यानं."

"मंग आता बी तसंच. काय लागलं तर मले इशारा करा."

भाऊजींच्या घरात ताईंचं एक न धुतलेलं पातळ खुंटीवर होतं. ते भाऊजींच्या मांडीवर पसरलं आणि दाराकडे पाठ करून त्यांना बसवलं. मी कोपऱ्यात माळ घेऊन बसले. त्या घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. दुसऱ्या गल्लीतली कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

ठुमकी उतरली. उंबऱ्यावर थबकली, चौकटीला गाल घासला, आत आली. पातळ हुंगलं. पुढच्या पायांनी कणीक तिंबावी तसं ते तुडवलं आणि मांडीवर मुटकुळं करून घुरघुरायला लागली. भाऊजींचा चेहरा लाल झाला. आनंदाची आरोळी गळ्यापर्यंत आली असणार. मी डोळे वटारले, त्यांनी ती गिळली.

जरा वेळानं त्यांचे हात हलू लागले. मनगटावर टिचकी, म्हणजे वेळ झाली. कोपरं पुढंमागं, म्हणजे आगगाडी. मग कपाळावर टिकलीची खूण, म्हणजे ताई. मग माझ्याकडे बोट.

"मी जाऊ आणायले?" मी कुजबुजले.

मान जोरात होकारार्थी हलली.

"आन् त्यायनं विचारलं, नवरा कावून नाही आला, तर?"

त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवरची मांजर दाखवली. साहेबाला नवीन मशीन दाखवावी अशा थाटात.

आता पदर खोचून निघते. ऑटो करून दुर्ग स्टेशनवर जायचं आहे, शेवंताताईंना आणायला.