हळद लावलेलं कार्ड

बाबा भरवेलीच्या खाणीत हजेरीबाबू होते. सकाळी सायकलनं जायचे, संध्याकाळी यायचे. मी आठवीत होते त्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांनी जाणं सोडलं. कुणाशी भांडण नाही, अंगात ताप नाही. एक दिवस एक बूट पायात घातला आणि दुसरा हातात धरून दुपारपर्यंत बाजेवर बसून राहिले, एवढंच.

मग ते रोजचंच झालं. भिंतीकडे तोंड करून बसायचे. समोरच्या चहावर साय धरायची. आई म्हणायची, आता उठा. ते म्हणायचे, हौ, उठतो, आणि उठायचे नाहीत. मी तेव्हाही तोंडाची फटकळ होते. एकदा ओरडलेच त्यांच्यावर, की सगळ्या पोरींचे बाप कामावर जातात, तुम्हालाच काय धाड भरली? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अंगात जीवच नाही राह्यला, पोरी."

मी रडले, पण रागानं. कीव नंतर आली, फार नंतर.

उपाय सांगणाऱ्यांना काही तोटा नव्हता. शेजारच्या काकूंनी रामपायलीच्या देवळातून अंगारा आणून दिला. कंपाउंडरनं ताकदीची सुई टोचली. कोणी म्हणालं नजर लगी है, कोणी म्हणालं नुसता आळस आहे. आम्ही सगळ्यांचं सगळं ऐकलं आणि बाबा होते तिथंच बसून राहिले.

दिवाळीला गोंदियाहून मोठे काका आले, बाबांचे थोरले भाऊ. दोन दिवस नुसते त्यांच्याजवळ बसले. जाताना आईला म्हणाले की नागपूरला अशा आजाराचे डॉक्टर आहेत. मी सुटी टाकतो, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी छोट्या लाईनीच्या गाडीनं येतो आणि याला घेऊन जातो. त्या दिवसापासून आई त्या रविवारावरच जगत होती.

आणि मी? वर्गातल्या पोरी नागपूरच्या त्या दवाखान्याला पागलखाना म्हणायच्या. माझा बाप पागलखान्यात गेला हे शाळेत कळलं तर मी तोंड कुठं दाखवू, ही माझी काळजी. खरं तेच लिहायचं तर, बाबांपेक्षा मला माझी लाज मोठी होती.

रविवार चार-पाच दिवसांवर आला आणि मंगळवारी सकाळी पाहते तर बाबांनी दाढी केलेली. अंगणात बसून सायकलच्या चेनला तेल घालत होते. न्हाणीच्या दाराची कडी वर्षभर निखळलेली होती, तीही बसवली. बुधवारी तर मला सायकलवर मागं बसवून शाळेत सोडलं. एवढी घोडी झालेली मी, पण पोरींनी पाहावं म्हणून मान ताठ करून बसले. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला असेल असं वाटत नाही.

शाळेतून आल्याबरोबर मी काकांना पोस्टकार्ड लिहायला घेतलं. काय लिहून राह्यली म्हणून आईनं विचारलं, मी सांगितलं. ती चुलीजवळून उठून आली.

"थांब. दोन-चार दिस पाहू, मंग लिहू."

माझ्यात ऐकायची खोडच नव्हती. लिहिलं, की बाबा बरे झाले, आता कामावर जातील, नागपूरची गरज नाही, तुम्ही येऊ नका. लग्नाच्या-बारशाच्या पत्राला हळद लावतात, बातमी शुभ आहे हे हातात घेताच कळावं म्हणून. मी चिमूटभर हळद कालवली आणि कार्डाच्या चारी कोपऱ्यांना लावली. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. अक्षर चांगलं आलं तुह्यं, एवढंच म्हणाले. गुरुवारी सकाळी शाळेत जाताना मी ते पेटीत टाकलं. आईला सांगितलं नाही.

रविवारी आई स्टेशनच्या रस्त्याकडे डोळे लावून दारात उभी होती. गाडीची वेळ होऊन गेली तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं मारेल. ती नुसती उंबऱ्यावर खाली बसली.

सोमवारी बाबा डबा घेऊन ड्यूटीवर जातो म्हणून निघाले. खाणीवर पोचलेच नाहीत. दुपारी दोन माणसं त्यांची सायकल हातानं ढकलत घरी आली. बाबांनी स्वतःच आपला जीव दिला होता. कुठं, कसं, ते मी लिहिणार नाही. त्यावर गावानं तोंड भरून बोलून घेतलं आहे.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की असा माणूस एकाएकी शांत झाला, कामं आवरू लागला, तर त्याला एकटं सोडू नये, उलट तेव्हाच जास्त जपावं. मला त्या बाईंचाच संताप आला. हे आम्हाला तेव्हा सांगायला कोण होतं हो? आम्ही तर बाबा बरे झाले म्हणून देवाला नारळ फोडला होता.

मंगळवारी काका आले. अंगण माणसांनी भरलेलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला पिवळा डाग पडला होता. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. मला बोल लावायचा नव्हता त्यांना, स्वतःलाच जाब विचारत होते. सुटी मंजूर झाली होती, हे आलं आणि मी ती मागं घेतली, असं म्हणत राहिले. मग त्यांनी विचारलं, की एवढ्याशा पोरीला हे लिहायला सांगितलं कोणी?

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काकांच्या खिशावरच्या त्या पिवळ्या डागाकडे पाहत राहिले. कालपासून एक शब्द न बोललेल्या आईनं मान वर केली.

"म्या सांगतलं होतं," ती म्हणाली. "तिले काय समजते?"

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. तूच येऊ दिलं नाहीस त्याच्या भावाला, हे सासरच्या माणसांनी तिला शेवटपर्यंत ऐकवलं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धाला. ती पदर सावरून वाढत राहायची. आणि मी, तोंडाची फटकळ म्हणून गावभर नाव झालेली, तिथंच पंगतीत बसून जेवत राहायची.