विमान समुद्रावर असताना आलेला फोन

सर्व वाचकांस कळविण्यात येते की पुढील मजकूर अतिशय गंभीर असून तो उभ्याने वाचू नये. चक्कर आल्यास लेखक जबाबदार राहणार नाही!

हसा, हसा. भुताखेतांना मीही आयुष्यभर हसतच आलोय. तरी सांगतो.

नव्वदीच्या दशकात धारूरच्या बाजारात माझा एसटीडी बूथ होता. शेजारी गुरुलिंगआप्पांचं किराणा दुकान. आप्पांची बायको वारलेली. घरात ते आणि एकुलता एक महादेव – आणि तोही नोकरीसाठी दुबईला निघाला. आपल्याकडे माणूस प्रवासाला गेला की तो पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. (मी गावाला गेलो तर माझ्यासाठी झाडू आवरून धरणारं कुणी नाही... जाण्याआधी मीच झाडून घेतो. असो.)

जाताना महादेव चिठ्ठी लिहून गेला होता – मुंबईहून सुटणार सकाळी दहा, दुबईला पोचणार साडेअकरा.

पावणेबाराला आप्पा बूथवर हजर. "आला का रे फोन, नंदू?"

"इतक्यात?" मी शाळेतला नकाशा काढला, पट्टी लावली आणि थाटात म्हणालो, "एकोणीसशे किलोमीटर हाय आप्पा! तीन तास लागत्यात. साडेअकरा हे तिकडचं घड्याळ, आपल्या दीड तास मागं. पोरगं अजून समुद्रावर हाय."

आप्पा मटकन खाली बसले.

"साडेअकरा वाजले म्हणून मी घर झाडलं की रे..."

"झाडूनं इमान पडत न्हाई, आप्पा."

"तुला काय कळतंय? तुझं कोण गेलंय?"

पट्टी हातातच राहिली... आणि फोन वाजला.

"नंदूदादा, आप्पाला दे."

महादेवचाच आवाज! त्या काळी परदेशच्या फोनवर आपलंच बोलणं घुमून परत यायचं. हा आवाज मागच्या गल्लीतून यावा तसा स्वच्छ. आप्पांनी रिसीव्हर घेतला, मी शेजारी कान लावला.

"आप्पा, मी पोचलो. घर झाडलं ते बरं केलं."

फोन बंद. आप्पा रडले, हसले, दुकानातून मूठभर साखर आणून माझ्या हातावर ठेवली. मी नकाशाकडे बघत ती खाल्ली.

सव्वादोनला पुन्हा फोन. मागे गर्दीचा गलका, आवाज घुमतोय. "आप्पा, आत्ता बाहेर आलो बघा. हा पहिलाच फोन!"

पुढे महादेव सुट्टीवर आला तेव्हा मी खोदून खोदून विचारलं. "इमानात झोपलो होतो की," म्हणाला. घर झाडल्याचं त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तो नकाशा आणि पट्टी अजून माझ्याकडे आहेत, उत्तर तेवढं नाही.

आणि आप्पा? त्या सव्वादोनला, लेक सुखरूप पोचल्याचं ऐकून, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ते भर बूथमध्ये ओरडले –

"मंग मगाशी कोण पोचलं रे?"