आळणी ताट

सासरे गेल्यानंतर आमच्या घरात कुणी खारा बांगडा भाजला नाही, तरी दुपारी त्याचा वास यायचा. गॅस बंद, जाळी खुंटीला, आणि वास घरभर. सासूबाई म्हणायच्या, ते जेवायला आले. मी आधी हसण्यावारी न्यायचे. मग मलाही वास येऊ लागला आणि दुपारी एकटीला स्वयंपाकघरात जायची भीती वाटायला लागली.

सासऱ्यांना बीपी होता. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर सासूबाईंनी मिठाची बरणी थेट माळ्यावर टाकली. भात आळणी, कालवण आळणी, सगळ्यांचंच. कुरकुर केली तर म्हणायच्या, जिभेचे चोचले नंतर पुरवा, आधी माणूस जगू दे. सासऱ्यांच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून त्यांच्या ताटात रोज एक बांगडा भाजून वाढायच्या. मडक्यात मिठाचा थर, माशांचा थर असा स्वतः मुरवलेला. मीठ म्हणजे बरणीतलं. बांगडा म्हणजे मासळी. आमच्या थळ गावात कुणालाही विचारा, हेच सांगेल. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. एका सकाळी सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि आठवड्याच्या आत ते गेले.

यंदा माझ्या नवऱ्याचा बीपी वाढलेला निघाला. बरणी पुन्हा माळ्यावर गेली, मडकं पुन्हा भरलं आणि दुपारी वास आला. या वेळी तो खराच होता, त्यामुळे जास्तच अंगावर आला. गोळ्या घेऊनही बीपी उतरेना, तेव्हा अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी मला जेवणात काय काय असतं ते विचारलं. बांगड्याचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, बरणीतलं मीठ बंद करून मिठातलाच मासा रोज देताय.

घरी आले तर सासूबाई गॅसपाशीच होत्या. गप्प बसावं तर नवरा हातचा जाईल, बोलावं तर त्या कोलमडतील. सासऱ्यांचा विषयही न काढता मी एवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी बांगडा बंद करायला सांगितलाय, त्यात फार मीठ असतं.

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. गॅस बंद केला आणि जाळी खुंटीला अडकवली.

"आई, तेव्हा कुणाला ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"पाय सुजले तवापासून ते नको म्हनत व्हते गो," त्या म्हणाल्या. "मीच बोलली, खावा, ह्याच्यात मीठ न्हाय."