तात्यांच्या सुक्या बर्फाचे झाकण

अर्जदार : खाली सही करणारा, महाड कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारा. ज्यांच्याविषयी अर्ज : कै. तात्या, कोर्टासमोरील आईस्क्रीमच्या दुकानाचे मालक. घटनेचे ठिकाण : पोलादपूर, लग्नघराचे मागील अंगण. वेळ : वैशाखातील रविवार, जेवणे उठल्यानंतर. साक्षीदार : जीपचा ड्रायव्हर बाबू आणि आचारी विठोबा, दोघेही हयात. दाद मागण्याचे कारण : तात्यांची मुलगी सुमन हिला वडिलांचे बंद पडलेले दुकान पुन्हा उघडायचे आहे, आणि 'त्यांचा बर्फ फुटतो' असे सांगून काही प्रतिष्ठित मंडळींनी तिच्या परवान्यास हरकत घेतली आहे.

सदर मंडळींना तात्या ठाऊक नसावेत. भर उन्हाळ्यात हातात घोंगडीचे मोजे घालून हिंडणारा माणूस अख्ख्या महाडात तो एकच. मुंबईच्या गाडीने त्यांची लाकडी पेटी येई, तीत सुका बर्फ. हा पाण्याचा नव्हे. वायू गोठवून केलेला. तो वितळून ओल धरत नाही, पांढरा धूर सोडीत विरून जातो, म्हणून आईस्क्रीम दुसऱ्या दिवसापर्यंत दगडासारखे राहते. पेटी उतरवायला तात्या स्वतः गाडीच्या टपावर चढत. एकदा मी मदतीच्या भावनेने हात पुढे केला, तेव्हा ते वरूनच ओरडले, "अर्जनवीस, मागं व्हा! ह्यो डसला तर कातडं घेऊन जाईल. मग अर्ज काय पायानं लिवणार?" भोवतालची पक्षकार मंडळी हसली. मला ते फारसे रुचले नव्हते.

पेटी त्यांनी कधी गाडीच्या आत ठेवू दिली नाही. "ह्याचा वारा जड हाय, खाली बसतो. बंद जागेत माणसाचा श्वास खातो," असे ते कंडक्टरला दर खेपेस नव्याने समजावीत. दुकानामागची कोठी उघडली की आधी दार सताड उघडे ठेवीत, मग पेटता दिवा जमिनीलगत सरकवीत. दिवा मंदावला तर स्वतः ओट्यावर येऊन विडी ओढीत बसत. गिऱ्हाईक कितीही खोळंबो, उत्तर एकच : "घाई तुम्हाला हाय, वाऱ्याला नाय." सरबतात धुराचा खडा टाकून द्या म्हणणाऱ्या एका वकिलांना त्यांनी सरबतच दिले नाही. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर लशीच्या बाटल्या मात्र निर्धास्तपणे त्यांच्याकडे सोपवीत.

परंतु त्यांचा सर्वांत मोठा आग्रह झाकणाविषयी असे. पेटीचे झाकण नुसते टेकवायचे, कधी आवळायचे नाही. "बर्फ कसला, कोंडलेला वारा हाय ह्यो. त्याला वाट ठेवायची," हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते, की ऐकणे सोडून दिले होते.

पोलादपूरच्या त्या लग्नाला आईस्क्रीम तात्यांचे होते, बाबूच्या जीपने आणलेले, आणि मी निमंत्रित होतो. पेटीतून धूर निघताना पाहून बायकांत कुजबुज झाली, "गो, आत काय जळतंय की काय?" तात्या म्हणाले, "जळत नाय मावशे, थंडीनं कुडकुडतंय." आईस्क्रीम वाढून झाले. तात्या जेवायला बसताना मला म्हणाले, "उरलेल्या खड्यांवर जरा नजर ठेवा. हात लावू नका." मी नजर ठेवली. चार-पाच खडे उघड्यावर विरून जात होते. जी वस्तू जपायची ती बंद करून मोहोर लावायची, हा माझ्या धंद्याचा शिरस्ता. मी विठोबा आचाऱ्याकडून तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला, चिमट्याने खडे आत टाकले, झाकण ठोकून बसवले, सुतळी आवळली आणि खिशातल्या लाखेने सील केले. मृत्युपत्र सील करतो तसे.

तात्या हात पुसत आले. "खडे कुठं हायत?"

"सुरक्षित. सीलबंद केलेत."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "कवा?"

"पाव तास झाला असेल."

डब्याचा तळ तोवर फुगून बाहेर आला होता. "बाजूला व्हा रे! पोरांना आत घ्या गो!" असे ओरडत त्यांनी मोजे चढवले, डबा पोटाशी धरला आणि स्वयंपाकाच्या मांडवातून मागच्या अंगणाकडे धावले. मांडवात तेव्हा वीस-पंचवीस बायका होत्या. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे डबा फेकता फेकता तो फुटला. झाकण उलटे येऊन तात्यांच्या डाव्या कानावर बसले. इतर कोणाला खरचटले देखील नाही. तात्यांना त्या कानाने पुन्हा ऐकू आले नाही.

वधूपित्यांनी तेथेच तक्रार सांगितली आणि ती लिहिण्यास अर्थातच मला बसवले. 'सदर इसमाने निष्काळजीपणे डबा घट्ट बंद केला' हे वाक्य माझ्या हातचे आहे. अक्षर आजही ओळखता येईल. तात्या कानावर पंचा दाबून शेजारी बसले होते. मी हळूच विचारले, "तात्या, खरं सांगू का?"

ते म्हणाले, "ही समदी तुमच्याकडं अर्ज लिवायला येतात. माझंच नाव लिवा. बर्फ माझा होता, तर नजर पण माझीच पायजे होती."

मी लिहिले. त्यानंतर एकाही लग्नघराने त्यांना बोलावले नाही, मोटारवाल्यांनी टप नाकारला, पेटी येणे थांबले. तात्या साधा बर्फ घालून सरबत विकत राहिले आणि सुमनकडून सुक्या बर्फाचा एकेक नियम पाठ करून घेत राहिले. मला त्यांनी रोज नमस्कार केला. गेल्या श्रावणात ते वारले.

सबब, महाड व पोलादपूर येथील समस्त मंडळींस विनंती की, हा कबुलीजबाब समजून सदर हरकत मागे घ्यावी. साक्षीदार तपासावेत, मलाही उभे करावे. मी काहीही नाकारणार नाही. यापुढे माझ्याकडे कोणी अर्ज लिहावयास आले नाही तरी माझी तक्रार राहणार नाही. मात्र सुमनच्या परवान्याविषयीचे उत्तर लेखी मिळावे, आणि ते मला नव्हे, तिला द्यावे.

कळावे. सही, अर्जदार.