जिथं उजाडत नाही, तिथं आई आली

चिकलठाण्याच्या विमानतळावर बाबा कंपनीच्या निळ्या शर्टातच आले होते. रात्रभराची थर्ड शिफ्ट संपवून, गेटवरून थेट. डोळे लाल, हातात जेवणाचा रिकामा डबा. आमचं घर विमानतळाच्या इतकं जवळ, की विमान उतरायला लागलं की आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि ते गेलं की पुढचं वाक्य बोलायचो. पण त्या घरातलं कुणीच कधी विमानात बसलं नव्हतं. मी पहिली.

आई माझ्या बॅगेची चेन परत परत ओढून बघत होती. बाबा एवढंच म्हणाले, "पोचली की फोन कर. इकडं रात्र असली तरी कर. मला रात्रीची सवय हाय."

मुंबईहून पुढं दोन विमानं बदलून मी नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्रकाठच्या एका छोट्या शहरात आले. मासेमारीच्या बोटींना हवामान कळवणारं सॉफ्टवेअर बनवायचं काम. तेव्हा ऑगस्ट होता. रात्रीच्या जेवणाच्या वेळीही खिडकीत ऊन. मी ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर बाबा हसून म्हणाले, "मग तिथं थर्ड शिफ्ट म्हणायचं तरी कशाला?"

पुढं मात्र दिवस धुतलेल्या कपड्यासारखा आटत गेला. नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगराआड गेला तो उगवायचाच राहिला. असं होणार हे मला माहीत होतं, येण्याआधी वाचलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि अंगावर आलेलं वेगळं. सकाळी अलार्म वाजायचा आणि बाहेर मध्यरात्र. ऑफिसातून परतताना तीच मध्यरात्र. दुपारी दक्षिणेकडं आभाळ जरा निळसर-गुलाबी व्हायचं आणि विझायचं. हळूहळू मी सुट्टीच्या दिवशी उठेनाशी झाले. मग केस विंचरेनाशी. भात लावायचा कंटाळा म्हणून ब्रेडचे तुकडे खायचे. कारण नसताना रडू यायचं. घरी सांगायचे, मजेत आहे, काम लई आहे.

बाबांनीच पकडलं. एक दिवस म्हणाले, "सुजाता, कवाबी फोन केला तरी तुझ्या मागं खिडकी काळीच कशी गं?"

मी समजावू लागले. पृथ्वी सरळ उभी राहून फिरत नाही, एका अंगाला कलून फिरते. हिवाळ्यात आमचं टोक सूर्याच्या उलट बाजूला झुकलेलं असतं. आई मधेच उठून गेली. ती करमाडच्या अंगणवाडीत पोरांना शिकवते, तिला हातात धरून बघितल्याशिवाय काही पटत नाही. ती एक मोसंबी घेऊन आली. एक लवंग मोसंबीच्या पोटाजवळ खोचली, "हे आपण." दुसरी वर देठाजवळ, "ही आपली सुजू." बाबांनी खोलीतला दिवा घालवून टॉर्च धरली. मी सांगितलं तशी आईनं मोसंबी कलती केली आणि हळूहळू फिरवली. खालची लवंग उजेडात यायची, अंधारात जायची, परत उजेडात. वरची नुसती काळोखात गरगरत होती.

आईनं दोनदा फिरवून बघितलं. मग हात थांबला.

"आवो, हिला तर दिसच लागत नाय," ती बाबांना म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "सुजू, खरं सांग. जेवती का तू?"

मला रडूच फुटलं. बाबांच्या हातातली टॉर्च छताकडं गेली.

"मी येते," आई म्हणाली.

दोघांचे पासपोर्ट मी निघण्याआधीच हट्टानं काढून घेतले होते. बाबांची रिटायरमेंट तोंडावर, त्यांना रजा मिळेना. व्हिसा लागेपर्यंत डिसेंबर सरत आला. आई एकटी आली. साडीवर जाकीट, कानाला मफलर, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. दारात उभी राहून तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. केसांत गुंता झाला होता. तिनं तेलाची बाटली काढली.

मला वाटत होतं, ती म्हणेल, चल परत. तेच ऐकायची मी वाट बघत होते. पण ती तसं म्हणेना. घड्याळात सात वाजले की घरातले सगळे दिवे लावायची आणि "उजाडलं" म्हणून मला उठवायची. दुपारी बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून मला बाहेर काढायची. बर्फावर ती माझा दंड धरायची, मी तिचा. कोण कुणाला सांभाळतंय, कळायचं नाही.

मग पौर्णिमा आली. आई दर पौर्णिमेला उपोसथ पाळते, म्हणजे दुपारनंतर जेवत नाही. सूर्यच नाही तर दुपार कोणती, असं मी चिडवलं. ती म्हणाली, "दक्षिणेला जवा सगळ्यात लाल दिसतं, ती दुपार. त्याच्या आधी जेवायचं. लई सोपं हाय." जेवून आम्ही खाडीकाठी गेलो. भर दुपारी उत्तरेला पाण्यावर टेकल्यासारखा पूर्ण चंद्र. तो काही दिवस मावळलाच नव्हता, नुसता आभाळाला फेऱ्या घालत होता.

"ह्यो का मावळत नाय?"

"पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, आई. आपलं टोक सूर्यापासून लांब झुकलंय, म्हणजे चंद्राकडं झुकलंय."

बर्फ इतका उजळला होता की तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. मीच विचारलं, "आई, मी परत येऊ का?"

"ये की. दार उघडंच हाय," ती म्हणाली. "पण अंधाराला भिऊन येऊ नको. मला इथं आवडलं नाय, असं म्हणून ये. दोन्हीत फरक हाय."

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरकडं गेले. आई शेजारी बसली, भाषा कळत नसताना मान हलवत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे इथं पुष्कळांना होतं, लपवायचं काही नाही. सकाळी समोर लावायचा प्रखर दिवा, काही औषधं, बोलायला एक माणूस. लगेच काही बरं वाटलं नाही. पण जेवणाला चव आली आणि एका सकाळी आईच्या आधी मी उठले.

जानेवारीच्या शेवटी सूर्य परतला. शाळेतली पोरं, दुकानदार, सगळे रस्त्यावर येऊन दक्षिणेकडं तोंड करून उभे. डोंगराच्या खाचेत एक कड चमकली. आईनं मफलर सोडून गालांवर ऊन घेतलं आणि म्हणाली, "एवढुसा! पण आला." त्यानंतर आठवड्याभरानं ती गेली. मी राहिले.

ह्या मे महिन्यात मी घरी आले होते. दिवसभर घर तापलं होतं, म्हणून संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर बसलो. बाबा आता रिटायर झालेत. बघता बघता अंधार पडला. इथं तो किती पटकन पडतो, हे मी विसरूनच गेले होते. मला एकदम काहीतरी आठवलं आणि मी म्हणाले, "अगं बाई, घरी पडदा उघडाच राहिला. माझी मेथीची रोपं रात्रभर उन्हात करपतील."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा माझ्याकडं बघत होते.

"घरी?" ते म्हणाले.

तुमच्यापैकी जे घर सोडून लांब गेलेत त्यांना हे ठाऊक असेल, आणि जे मागं राहिलेत त्यांनी हा शब्द कधीतरी ऐकून गिळला असेल.

बाबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग शेजारणीला फोन लाव की. मेथी जळंल तिकडं."

मी फोन लावला. तिकडं अजून लख्ख ऊन होतं.