शुक्रवारी लूम बंद असतात

कोऱ्या कापडाची घडी मोडली की लूमच्या तेलाचा वास येतो, आणि मी मनानं भिवंडीतल्या यंत्रमागांच्या वस्तीत, मी शिकवायचे त्या साक्षरता वर्गात जाऊन बसते. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची दुपार होती. मी बायकांना एक जुनी, गाजलेली गोष्ट वाचून दाखवली. तिच्यात नवऱ्याच्या मारानं एक बाई मरते आणि शेजारणी कोर्टात सांगतात, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

"कशा वाटल्या त्या शेजारणी?" मी विचारलं.

"त्यांची काय चूक हाय, बाई?" मूळची जवळच्या अंजूर गावची नंदा म्हणाली. "आमच्याकडं तरी लूमच्या खडखडाटात भिंतीपलीकडचं कुठं ऐकू येतं?"

तिच्या भिंतीपलीकडे शकिला राहायची. ती पुस्तकातल्या चित्राकडे बघत म्हणाली, "शुक्रवारी लूम बंद असतात."

नंदा पदराचं सूत ओढत राहिली. मला मात्र बरं वाटलं होतं, की बाया गोष्टीवर विचार करायला लागल्या. आज कळतं, त्या दोघी गोष्टीबद्दल बोलतच नव्हत्या.

त्याच वर्षी शकिला भाजून गेली. स्टोव्ह भडकला, असं नवरा म्हणाला. पोलिसांनी नंदाला त्या दिवसाबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "लूम चालू होते, साहेब. काय ऐकू आलं न्हाय."

तो शुक्रवार होता.