जोतीरामची सुई

जोतीराम कुंडलचा. कोयनानगरच्या वर्कशॉपमध्ये तो टर्नर, मी फिटर. तो कमी बोलायचा आणि प्रत्येक माप दोनदा घ्यायचा. मला दोन्ही पटायचं.

त्याची आई रंगुबाई ओव्या गायची. दुसऱ्या लढाईच्या आधी सांगलीत एका रेकॉर्ड कंपनीचे लोक आले होते. त्यांनी तिच्या ओव्यांची तबकडी काढली. पुढं कंपनी बुडाली, रंगुबाई वारली. तबकडी एकच उरली आणि ती दरवर्षी कुंडलच्या जत्रेत कर्ण्यावर लागायची. गावाला तिचा अभिमान होता. त्या अभिमानानंच ती झिजली. आमच्याकडं स्पीकरवाल्यांची रीत अशी, की सुई उड्या मारू नये म्हणून पिकपच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताच्या, डोक्यावर नाणं ठेवायचं. तरी उडाली तर आणखी एक. १९७२च्या जत्रेत नुसती खरखर ऐकू आली. एक शब्द कळला नाही.

जोतीरामनं तबकडी उतरवून घेतली. त्याची थोरली बहीण सुलाबाई गावातच दिलेली होती. योग्य सुई मिळेपर्यंत ही वाजणार नाही, असं त्यानं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "कुलपात ठिवून आई गाती व्हय रं?"

त्यानं ती फडक्यात गुंडाळली. तबकडी कोयनेला आणली, वर्कशॉपमधल्या भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. तबकडीची खाच तळाशी घासून गुळगुळीत झाली होती. पण वरच्या बाजूला, दोन्ही भिंतींवर, आवाजाची बारीक नागमोडी रेघ तशीच होती. झिजलेल्या आट्याचा स्क्रू असाच दिसतो. तळाला गेलेला असतो, वर शाबूत असतो. सुई थोडी जाड असली तर तळाला न टेकता वर बसेल, असं त्याचं म्हणणं होतं. मी तपासलं. बरोबर होतं.

मग शोध सुरू झाला. सुई ज्या छोट्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात. सांगलीच्या बाळासो रेडिओवाल्याकडं खोकंभर कार्ट्रिज होती. जोतीराम प्रत्येकाच्या सुईची जाडी विचारू लागला.

बाळासो म्हणाला, "जोतीराम, सुई बघाय आलायस का सोयरीक?"

"सोयरीक असती तर इतकं बघितलं नसतं," जोतीराम म्हणाला.

बाळासोकडची सगळी जड जातीची होती. जोरात वाजायची आणि खाच खायची. हलकं चालणारं चुंबकाचं कार्ट्रिज त्याच्याकडं नव्हतं.

ते कोयनेलाच मिळालं. एक परदेशी इंजिनिअर घरी निघाला होता, सामान विकत होता. जोतीरामनं त्याचं कार्ट्रिज घेतलं, रात्रपाळी उतरून सकाळी आपल्या रेकॉर्ड प्लेअरवर बसवलं आणि तपासायला एक टाकाऊ तबकडी लावली. सुई उडाली. त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि त्यानं दहा पैशांचं नाणं पिकपवर ठेवलं. सुईची दांडी आत गेली ती वर आलीच नाही. कार्ट्रिज वाचलं, सुई गेली. जन्मभर जत्रेत जे पाहिलं तेच हातानं केलं. मी शेजारी उभा होतो, मलाही ते चुकीचं वाटलं नाही. म्हणून चूक दोघांची.

 तिसऱ्या दिवशी त्यानं मुंबईच्या एका दुकानाला पत्र लिहिलं. त्यात हव्या त्या सुईची जाडी लिहिली, इंचाचा हजारावा भाग धरून साडेतीन. नेहमीची तीन असते. दुकानदारानं कळवलं, अशी कोणी मागत नाही. जोतीरामनं उलट लिहिलं, मी मागतोय. अशी सात पत्रं गेली. आठ महिन्यांनी पार्सल आलं. त्यानं भिंगाखाली सुई मोजली. तीनच होती. परत पाठवली. दुसरीचं टोक वाकडं होतं. तीही परत. तिसरी साडेतीन भरली.

चुंबकाच्या कार्ट्रिजचा आवाज बारीक, म्हणून बाळासोनं तो वाढवणारी जोडणी करून दिली. सुईचा तबकडीवर पडणारा भार जुळवायचा राहिला होता. सुईसोबतच्या कागदावर पाव तोळा लिहिलं होतं. जोतीराम रेकॉर्ड प्लेअर घेऊन साताऱ्याच्या सोनाराकडं गेला आणि त्याच्या तराजूत पिकपचं टोक टेकवून मागचं वजन सरकवत बसला. सोनार वैतागला. जोतीरामनं पाव तोळा जुळवला, पुन्हा जुळवला आणि मगच उठला.

१९७४च्या दिवाळीत आम्ही कुंडलला गेलो. सुलाबाईच्या सोप्यात शहाबादी फरशीवर रेकॉर्ड प्लेअर ठेवला. तबकडी मऊ फडक्यानं पुसली. जोतीरामनं सुई ठेवली.  नाणं नव्हतं.

आधी खरखर आली, पण लांबून. मग रंगुबाई गायली.

सुपात उरलं दाणं बाई, घालीना मी जात्यात
दारी चिमण्या आल्या, त्यांचा वाटा हातात

अक्षर न् अक्षर ऐकू आलं. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. सुलाबाईनं हात वर केला.

"गप ऱ्हावा. ती श्वास घेतीया."

खरंच घेत होती. गाणारी बाई पुढच्या ओवीआधी छाती भरून घेते तेवढं. इतक्या वर्षांत तो श्वास कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या बायका दारात येऊन थांबल्या. कुणी आत आलं नाही.

बाजू संपली. सुलाबाई म्हणाली, "परत लाव." मग जरा थांबून तिनं विचारलं, "झिजंल का रं?"

"आता न्हाई झिजत," जोतीराम म्हणाला.

दोन वर्षं त्यानं ती तबकडी कुणाला हात लावू दिली नव्हती. त्या सकाळी त्यानं ती सहा वेळा वाजवली, आणि प्रत्येक वेळी सुई आधी पुसली.